शेकायची वीट

माधवनगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी हमीदभाईंचं गाद्यांचं दुकान होतं. पाटीवर नाव त्यांचं, पण दुकानाला आवाज होता तो जैनूभाभीचा. सकाळी कापूस पिंजायचं मशीन सुरू व्हायच्या आधी तो सुरू व्हायचा आणि मशीन बंद झालं तरी चालूच राहायचा. गिऱ्हाईक रस्ता ओलांडतंय तोवर ती आतून विचारायची, "लग्नाची का साधी?" लग्नाची म्हटलं की खोळीचं कापड वेगळं निघायचं आणि चेष्टाही वेगळी निघायची.

मी तिच्याकडे गाद्यांना टाके घालायला जात होते. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायला मला आवडतं, बोलायला जमत नाही. चार माणसं बघत असली की तोंडातून आवाज फुटत नाही. भाभीशेजारी बसायचं मला बरं वाटायचं, कारण माझ्या वाटणीचं बोलणंही तीच उरकायची. कुणी मला काही विचारलं की म्हणायची, "सुमनला इचारू नका, लाजून मरंल ती. मला इचारा, मी दोघींचं सांगते."

उंच, हाडापेरानं मोठी बाई. दिवसभर कापसात असल्यामुळं भुवयांवर तंतू बसून त्या पांढऱ्या दिसायच्या. संध्याकाळी तोंड धुतलं की एकदम दहा वर्षांनी लहान व्हायची. दाभण गादीत अडखळायला लागलं की ते केसांतून ओढायची, डोक्याच्या तेलानं दाभण सरसर जायचं. मला म्हणायची, "तेल लावत जा गं जरा. तुझ्या केसांत दाभण घातलं तर गंजंल."

एवढं सगळं बोलणारी भाभी महिन्यातले काही दिवस एका बाजूला कलून बसायची. त्या दिवसांत हमीदभाई तिच्याशी हळू बोलायचे आणि आतल्या गॅसवर वीट तापत ठेवायचे.

ही वीट साधी, भट्टीतली, पण तिला कोपरे नव्हते. चारी कोपरे घासून गोल केलेले, हात फिरून फिरून ती गुळगुळीत झाली होती. भाभीचं माहेर वडूजचं. त्यांच्या घराण्यात मुलगी मोठी झाली की आईनं एक वीट आणायची आणि धुण्याच्या दगडावर तिचे कोपरे घासायचे, पोटाला टोचू नयेत म्हणून. मग ती वीट आयुष्यभर त्या मुलीची. लग्नात भांड्यांबरोबर सासरी जायची. पाळीच्या दिवसांत तापवून, फडक्यात गुंडाळून पोटाशी धरायची. भाभी नवी नवरी होऊन आली तेव्हा तिनं सासूला विचारलं होतं, "अम्मा, तुमची वीट कुठाय?" सासू म्हणाली, कसली वीट? भाभीला वाटलं सासू लपवतीय. सगळ्या बायकांना वीट लागते, असंच ती धरून चालली होती.

वीट तापली की भाभी ती हमीदभाईंच्या जुन्या लुंगीत गुंडाळून पोटावर बांधायची, वरून पदर घ्यायची आणि गिऱ्हाईक करायला उभी राहायची. एकदा बुधगावची एक बाई आली. भाभीच्या पदराकडं बघून कौतुकानं म्हणाली, "कितवा लागला ओ?"

भाभीला मूल नव्हतं. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, त्या बाईला माहीत नव्हतं. माझा हात टाक्यात थांबला.

भाभी म्हणाली, "इसावं वरीस लागलंय. बाहीरच यीना झालंय!" आणि लुंगी सोडून वीट काढून तिच्या हातात दिली. "धरा, तुमीच खेळवा." ती बाई हसावं की रडावं अशी उभी. भाभी मात्र इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बसली, ती बराच वेळ उठली नाही. चेहरा पांढरा पडला होता. मी पाणी दिलं, तर म्हणाली, "गिऱ्हाईक गेलं न्हाई न्हवं?"

पुढं पुढं दुखणं पाळीपुरतं राहिलं नाही. एक दिवस दुकानातच ती गादीवर आडवी झाली आणि तिला उठता येईना. हमीदभाईंनी रिक्षा आणली. बायकांच्या डॉक्टरकडं आत जायला ते लाजत होते, म्हणून मी सांगलीला तिच्याबरोबर गेले.

डॉक्टरीण बाई वयानं लहान होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. कुठं दुखतं, कधी दुखतं, विचारत गेल्या आणि भाभी दुकानातल्या आवाजात सांगत गेली. शौचाला बसताना दुखतं. नवऱ्याजवळ झोपताना दुखतं. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जात असणार. मी फरशीकडं बघत होते. नवऱ्याजवळचं दुखणं असं उजेडात, परक्या माणसाला सांगता येतं, हे मला माहीतच नव्हतं. सांगून झाल्यावर भाभीच म्हणाली, "आजवर कुणी इचारलंच न्हाई ओ. तुमी इचारलं म्हणून सांगितलं."

तपासताना डॉक्टरांना तिच्या पोटावरचा डाग दिसला. मी तो आधी पाहिलेला होता. बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला, तपकिरी जाळीसारखा. वाळलेल्या पानाच्या शिरा दिसतात तसा.

"हे कशानं झालं?"

"त्ये घराण्याचं हाय," भाभी म्हणाली. "आमच्यात समद्या बायकांना असतंय. आई नात्यातलीच, तिला हुतं, आजीला हुतं, फुफीला म्हंजी आत्याला हाय."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "पोट शेकता का तुम्ही? कशानं?" भाभीनं विटेचं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "हा डाग शेकाचा आहे. वरचेवर एकाच जागी ऊब लागली की कातडीवर अशी जाळी उठते."

पुढं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. आजाराचं नाव एंडोमेट्रिऑसिस. मी ते कागदावर बघून लिहिलंय. भाभी त्याला 'त्ये लांब नावाचं' म्हणायची. डॉक्टरांनी खाटेशेजारी बसून समजावून सांगितलं. गर्भाशयाला आतून अस्तर असतं. तसलंच अस्तर या आजारात गर्भाशयाच्या बाहेर, पोटात जागोजागी धरतं. महिन्याला आतलं अस्तर गळून निघून जातं, पण पोटातल्याला बाहेर जायला वाट नसते. तिथं सूज येते. शरीर त्या सुजेशी झगडतं आणि झगडता झगडता सूज आणखी वाढते. वर्षानुवर्षं असं चाललं की आत वण धरतात आणि आतडी, अंडाशय, सगळं एकमेकाला चिकटून बसतं.

भाभी छताकडं बघत ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी खोळीतला कापूस खोळीच्या भायेर उगवलाय."

"हो, तसं म्हणा."

"आन भिजून त्याची ढेप झालीय."

"बरोबर."

"म्हणून मला पोर न्हाई का?"

डॉक्टर म्हणाल्या, "त्याच्यामुळंच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण यानं मूल राहायला अवघड जातं, हे खरं."

भाभी म्हणाली, "किती दर्ग्यांवर चादरी चढवल्या मी. आन आत समदं शिवून ठिवलंवतं."

हमीदभाई दाराशी उभे होते, ते बाहेर गेले. भाभीनं डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. तिनं पुढचा प्रश्न विचारला. हे कशानं होतं? डॉक्टर म्हणाल्या, एकच एक कारण सांगता येत नाही, पण घराण्यात असतं. आई, बहीण, आत्या, मावशी यांना असेल तर मुलीला व्हायचा संभव जास्त. होईलच असं नाही. आईकडून येतं तसं वडिलांकडूनही येतं.

"बापाकडनं? बापाला कुठली आलीय पाळी?"

डॉक्टर हसल्या. "पाळी नाही, पण त्याला आई असते ना? तिच्याकडचं तो पुढं देतो. त्याला स्वतःला कळतही नाही."

भाभीनं थोडा वेळ मनात जुळवलं. मग हसायलाच लागली. "सुमन, आयकलंस का गं? डाग घराण्याचा न्हाई आन दुखणं घराण्याचं! आमी उलटंच धरून बसलो की! दुखणं समद्या बायकांचं आन डाग आमचा, असं म्हणत हुतो." टाके दुखायला लागले तरी हसत होती. आणि हसता हसताच थांबली.

"मुस्कान," ती म्हणाली.

मुस्कान तिच्या भावाची, दस्तगीरची मोठी मुलगी. वडूजला राहायची, नववीत होती. पाळी सुरू झाल्यापासून शाळेत दोनदा चक्कर येऊन पडली होती. घरात कुणाला त्याचं विशेष वाटलं नव्हतं. आमच्यातलीच हाय, असं म्हणून सगळे मोकळे झाले होते.

घरी आल्यावर भाभीनं भावाला फोन लावला. मी समोर उशीत कापूस भरत होते. भाभीला फोन कानाला लावून बोलता येत नसे, ती तो तळहातावर ठेवून बोलायची, त्यामुळं सगळं ऐकू आलं. मुस्कानला सांगलीला आण, डॉक्टरला दाखवू, वेळेत औषध सुरू झालं तर आवरता येतं, असं तिनं सांगितलं. हे आपल्या आईकडनं तुझ्यात आणि तुझ्यातनं पोरीत गेलं असंल, हेही सांगितलं.

"बायकांचं दुखणं माझ्यातनं?" दस्तगीर म्हणाला. "आपा, भूल उतरली न्हाई व्हय अजून?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरला काय जातंय? उद्या गावात झालं की दस्तगीरच्या पोरीला रोग हाय, तर कोण करून घिईल तिला? लगीन हून एक पोर झालं की थांबतंय समदं."

"माझं थांबलं का?"

"तुला पोर न्हाई म्हणून."

भाभीनं फोन बंद केला. त्या दिवशी गिऱ्हाईक आलं तर बोटानं गादी दाखवायची. मशीनच्या आवाजातही ती शांतता हमीदभाईंना कळली. ते मशीन बंद करून बाहेर आले आणि माझ्याकडं बघत राहिले. संध्याकाळी तोंड धुऊन आल्यावर ती म्हणाली, "सुमन, वडूजला लगीन हाय चुलतभावाच्या पोरीचं. तू यायचं माझ्यासंगं. मला जड उचलायला बंदी हाय. नवरीची गादी न्यायचीय."

गादी तिनं स्वतः भरली, टाके मी घातले. ओळखीच्या टेम्पोत गादी टाकून आम्ही पुढं बसून गेलो. हळदीच्या दिवशी दुपारी पोचलो. दस्तगीर आणि चुलतभाऊ एकाच घरात राहायचे. दारात मांडव, आतल्या खोलीत बायका. मुस्कान कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. गाणी चालली होती. मी गादी अंथरत होते, तेवढ्यात परसातनं आवाज यायला लागला. घर्र, घर्र. दगडावर काहीतरी घासत होतं कुणी.

भाभीचा चेहरा असा झाला की मी हातातलं टाकून उठले. ती परसात गेली. तिच्या मागं मीही गेले. दस्तगीरची बायको शमा धुण्याच्या दगडापाशी बसून वीट घासत होती. गरीब बाई, माझ्यासारखीच, तोंडातून शब्द न काढणारी.

"कुणाची?" भाभीनं विचारलं.

"मुस्कानची," शमा म्हणाली. "आज लय दुखतंय तिला. तिची वीट करायची ऱ्हाऊनच गेलीवती."

एक कोपरा गोल झाला होता, तीन राहिले होते. भाभीनं तिच्या हातातून वीट काढून घेतली, आतल्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि वीट नव्या कोऱ्या गादीच्या मधोमध ठेवली. गाणं थांबलं.

त्या आपसात त्यांच्या हिंदीत बोलत होत्या. मला समजलं तसं मी आपल्या बोलीत लिहितेय.

भाभीनं उभ्या उभ्या पदर बाजूला केला आणि साडी जरा खाली सरकवली. "ह्यो माझा डाग. आता तुमचं दाखवा."

खैरूनफुफी त्या घरातली सगळ्यांत मोठी बाई, भाभीच्या वडिलांची बहीण. ती ओरडली, "जैनू, लाज हाय का? हळदीचं घर हाय!"

"बायकाच हायत न्हवं समद्या? फुफी, तुमचा डाग कुठल्या अंगाला?"

"डाव्या. आमच्या दादीचा बी डावाच हुता, अल्लानं दिलेला."

"आन माझा उजवा. फुफी, भाकरी कुठल्या हातानं थापता तुमी?"

फुफीनं आपला डावा हात वर केला आणि तसाच ठेवला. मागं एक पोरगी फिसकन हसली. "दादी बी डावरी हुती," कुणीतरी म्हणालं.

"ज्या हातात वीट, त्या अंगाला डाग," भाभी म्हणाली. "अल्लानं दुखणं दिलं आसंल. डाग आपल्या हातचा हाय. मुस्कान ह्याच घरात जन्मली. शमा, तू तिला न्हाऊ घातलंस. हाय का पोरीच्या पोटावर काय?"

शमा दाराला टेकून उभी होती. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. तिच्या जागी मी असते तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ती म्हणाली, "न्हाई. कायबी न्हाई. कोरं हाय."

मग भाभीनं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं, खोळ आणि कापूस करून. सूज कशी धरते, आत कसं चिकटत जातं, आणि घराण्यातून कसं उतरतं, बापाकडूनही. तिनं आवाज चढवला नाही. ऐकता ऐकता एक मधल्या वयाची बाई उठली आणि तिनं पदर सरकवला. तिच्या पोटावर तीच जाळी. मग दुसरी. नवरीची मावशी, नवरीची थोरली बहीण. हळदीनं पिवळे झालेले हात आणि तपकिरी पोटं. कुणाचं गर्भाशय काढलेलं होतं, कुणाला मूल नव्हतं, कुणी रानात खुरपताना पडलेली. इतक्या वर्षांत एकीनं दुसरीला सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना असतंच, तर सांगायचं काय. मी भिंतीला पाठ लावून बघत होते.

"दस्तू म्हणतोय पोर झालं की थांबतंय," भाभी म्हणाली. "कुणाचं थांबलंय, सांगा."

फुफीकडं सगळ्यांचं लक्ष होतं. लेकरांनी अंगण भरलेली बाई ती, नातवंडं बाहेर मांडवात नाचत होती. तिनं ती वीट उचलली, तीन धारदार कोपऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "माझं न्हाई थांबलं."

तेवढ्यात दारावर थाप पडली. दस्तगीरचा आवाज. "आत काय चाललंय? हळदीला उशीर हुतोय!"

"थांब भायेर," फुफी म्हणाली. "बायकांचं बोलणं चाललंय."

संध्याकाळी भाभीनं भावाला पुन्हा विचारलं. तो "बघू" म्हणाला आणि मांडवात गेला. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटी स्टँडवर येऊन बसलो. मुस्कानची वीट भाभीनं पिशवीत घालून आणली होती. "निदान ही तर तिला मिळायची न्हाई," एवढंच म्हणाली.

सांगलीकडं जायला विटा गावची गाडी लागली. आम्ही चढणार, तोच लांबून शमा येताना दिसली. बुरखा सावरत, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं मुस्कानला धरून.

"घिऊन जावा हिला," ती म्हणाली.

"दस्तूला सांगितलंस?"

"न्हाई. फुफी सांगणार हाय." मग पिशवीचा हात जरा उगारून म्हणाली, "फुफी डाव्या हातानं सांगंल."

जैनूभाभीनं हसत तिच्या हातातली पिशवी घेतली. तिनं मुस्कानला खिडकीशी बसवलं, आपली शाल तिच्या पोटाशी दिली आणि सांगलीपर्यंत तिचा हात सोडला नाही.

डॉक्टरांनी मुस्कानला गोळ्या सुरू केल्या. हे मुळापासून जाईल असं म्हणत नाही, पण हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं सांगितलं. पहिले काही महिने फरक पडेना, एक गोळी सोसली नाही, दुसरी दिली. मग हळूहळू ती शाळा न बुडवता जायला लागली. आता ती साताऱ्याला कॉलेजला आहे. एखाद्या महिन्यात दुखतं, तेव्हा भाभीला फोन करते आणि भाभी तळहातावर फोन ठेवून तिला चेष्टेनं हैराण करते.

दस्तगीर वर्षभर बहिणीशी बोलला नाही. मग एक दिवस दुकानात येऊन बसला. बराच वेळ कापूस चिमटीत धरून बघत होता. शेवटी म्हणाला, "आपा, धाकटीला बी दाखवून ठिवायचं का? दुखत न्हाई तिचं काय."

"दुखत न्हाई तर काय दाखवतोस? दुखाय लागलं की मला सांगायचं, एवढंच."

"बरं," तो म्हणाला. जाताना दारात थांबून म्हणाला, "हिकडं काय ऱ्हायलंय तुमचं? लोक फोमच्या गाद्या घेत्यात. वडूजला या."

गेल्या उन्हाळ्यात भाभी आणि हमीदभाई वडूजला गेले. टेम्पोत मशीन चढवलं, खोळींचे गठ्ठे चढवले. भाभीची स्वतःची गुळगुळीत वीट तिच्या मांडीवरच्या पिशवीत होती. तिचं दुखणं पुरतं गेलेलं नाही, अधूनमधून तिला शेक लागतो. मुस्कानची वीट इतके दिवस दुकानातल्या लंगड्या बाकाच्या पायाखाली होती. आमच्या गल्लीला उतार आहे, म्हणून ड्रायव्हरनं ती काढून टेम्पोच्या चाकामागं लावली होती.

टेम्पो सुरू झाला, पुढं सरकला आणि वीट रस्त्यातच राहिली. सगळी गल्ली दारात उभी होती. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "भाभी, वीट!"

टेम्पो थांबला. भाभीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. भुवया तशाच पांढऱ्या. तिनं विटेकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागली. "हमीदमियाँ, आयकलं का? सुमन वरडली!" मग हात हलवून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं ती. कुणाची न्हाई ती."

टेम्पो वळून दिसेनासा झाला. मी रस्त्यातून वीट उचलून कडेला ठेवली. तिचा एक कोपरा गोल होता आणि तीन तसेच होते, भट्टीतून आले तसे.